मांडीवरच्या दप्तराची कैफियत

गेल्या श्रावणातल्या एका सकाळी, रात्रभर लागून राहिलेली झड नुकतीच ओसरलेली असताना, ज्या लॅपटॉपवर मी अकरा वर्षे घरचे हिशेब, बाहेरचा पत्रव्यवहार आणि दिवाळी अंकांचे लेख असा तिहेरी संसार चालवीत आलो, त्याचे झाकण मिटेनासे झाले. कळफलकाखालची, बोट फिरवण्याची चौकोनी पट्टी एका कडेने वर उचलली गेली होती आणि यंत्राचे पोट, तव्यावरची भाकरी पापुद्रा सुटून फुगावी, तसे फुगले होते. दुखणे बॅटरीचे आहे एवढे मला कळले. परंतु ती बाहेर कशी काढावयाची हे कळण्यास मार्ग नव्हता, कारण निर्मात्याने तिला दारच ठेवलेले नव्हते. तेव्हा ते यंत्र एका जुन्या पंच्यात गुंडाळून, आजारी मांजर दवाखान्यात न्यावे तशा जपणुकीने, मी नाशिकच्या इंदिरानगरातल्या रथचक्र चौकापासून फार लांब नसलेल्या एका दुरुस्तीच्या गाळ्यात घेऊन गेलो आणि तेथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर दीड तास बसून राहिलो. प्रस्तुत लेखाचा उगम त्या स्टुलावर आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितला होता तो लेख निराळाच होता. ‘उद्याचा लॅपटॉप’ असा विषय देऊन, येत्या काळात ही यंत्रे कोणकोणती नवलाई घेऊन येतील याचा मागोवा घ्यावा, अशी त्यांची सूचना होती. आणि मीही आज्ञाधारकपणे, पुस्तकासारखी घडी होणाऱ्या पडद्याचा पहिला लॅपटॉप २०२० साली बाजारात आला, किंवा २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात गुंडाळीच्या चित्रपटासारखा वर सरकून मोठा होणारा पडदा दाखवण्यात आला, अशी टिपणे करून ठेवली होती. त्या गाळ्यात बसून जे ऐकले त्याने ती टिपणे निकालात निघाली. चार भिंतींना लागून असलेल्या फळ्यांवर मालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेले लॅपटॉप उभे रचून ठेवलेले, टेबलावर कथिलाच्या डागकामाचा धूर, आणि गिऱ्हाइके एकामागून एक आपापल्या तक्रारी गुदरीत होती. कोणाची बिजागरी उखडलेली, कोणाची चार्जिंगची पिन सैल झालेली, कोणाच्या कळफलकावर चहा सांडलेला. घडीच्या पडद्याची आस असलेला इसम त्या रांगेत एकही नव्हता. त्यानंतर महिनाभर मी राजीवनगरापासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना एकच प्रश्न विचारीत फिरलो, की तुमच्या पुढच्या लॅपटॉपात काय असावे. आणि जी उत्तरे मिळाली त्यांतली बहुतेक अशी होती, की ती वस्तू पूर्वी कधीतरी, कुठेतरी, कोणत्यातरी यंत्रात होती आणि मागाहून काढून घेण्यात आली होती. भविष्याविषयी विचारले असता लोकांनी माझ्यापुढे जुन्या थकबाकीची यादी ठेवली. तीच येथे दप्तरी दाखल करीत आहे.

वस्तुतः मांडीवर किंवा मांडीपुढे कचेरी थाटण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. कुलकर्ण्याचे दप्तर रुमालात बांधले जाई आणि गरज पडेल तेथे सोडले जाई. पेढीवरचा मुनीम उतरत्या झाकणाचे बैठे मेज पुढे ओढून त्यावर कीर्द-खतावणी लिही, आणि त्या झाकणाच्या पोटात बोरू, दौत, वाळूची डबी, मोहोर असा सारा सरंजाम राही. झाकणाची बिजागरी गेली तर गल्लीतला सुतार दोन स्क्रू मारून ती बसवून देई. त्याकरिता मेज बनवणाऱ्याची परवानगी लागत नसे. माझ्या फिरस्तीत भेटलेल्या निम्म्या माणसांचे म्हणणे, शब्द निराळे असले तरी, या सुताराभोवतीच घोटाळत होते.

इंदिरानगर हा भाग अशा चौकशीला फार योग्य, असे मला वाटते. गोदाकाठचे वाडे, पंचवटी, रविवार कारंजा हे जुने नाशिक मुंबई-आग्रा महामार्गाच्या पलीकडे राहिले. अलीकडच्या या माळावर अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत आणि नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांत नोकरी करणाऱ्यांनी कर्ज काढून घरे बांधली, पांडवलेणीचा डोंगर दिसेल अशा बेताने गच्च्या ठेवल्या, आणि त्यांची मुले शिकून पुण्याच्या हिंजवडीत आणि मुंबईच्या उपनगरांत गेली. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा ती मुले आपापली यंत्रे पाठीवर घेऊन याच घरांत परत आली आणि देवघराशेजारची, जिन्याखालची, गॅलरीतली अशी जेथे जागा मिळेल तेथे त्यांची कार्यालये भरू लागली. एका घरात तीन लॅपटॉप ही गोष्ट तोवर श्रीमंतीची समजली जात असे. वर्षभरात ती निकडीची झाली. ज्या घरांत यंत्राची ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गापुरती होती, त्या घरांतल्या गृहिणींनाही कोणती वायर कोठे लागते हे पाठ झाले. अशा माणसांच्या मागण्या जाहिरातींतून आलेल्या नसतात.

पहिली मागणी, आणि सर्वांत जुनी थकबाकी, बॅटरीची. पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येकाला ते यंत्र आठवत होते, ज्याच्या पाठीवर दोन खिट्ट्या असत, त्या सरकवल्या की बॅटरी विटेसारखी हातात येई आणि दुसरी तितक्याच सहजतेने बसे. त्या विटेत बहुधा सहा दंडगोल विद्युत्घट असत, प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. म्हणून त्या मापाचे नावच १८६५० असे पडले. येथेच कलहाचे मूळ आहे. घट १८ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याला पोटात घेणारे यंत्र त्याहून पातळ होऊ शकत नाही. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, तेव्हा टाळ्या पडल्या त्या पातळपणाला. त्याची बॅटरी गिऱ्हाइकाला काढता येणार नव्हती याकडे त्या क्षणी फार थोड्यांनी पाहिले. पुढच्या काही वर्षांत दंडगोलांच्या जागी चपट्या पिशव्यांसारखे घट आले, ते आत स्क्रूंनी आवळले गेले किंवा गोंदाने चिकटवले गेले, आणि खिट्ट्या नाहीशा झाल्या. या पिशव्यांना कठीण कवच नसते. आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू सुटला की त्या फुगतात. माझ्या यंत्राचे तेच झाले होते.

लिथियम-आयन बॅटरीचा पहिला व्यापारी अवतार १९९१ साली सोनी कंपनीने आणला आणि तिच्या शास्त्राबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; तथापि या बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि सदैव काठोकाठ भरलेले राहणेही मानवत नाही, हे ज्ञान इंदिरानगरच्या घरांत पोचलेले नाही. तेथे लॅपटॉप दिवसरात्र वायरीला जोडलेला असतो, खाली उशी असते, आणि चैत्र-वैशाखात खोलीचे तापमान चाळिशीकडे गेलेले असते. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत आहे. पण ती कोठे दडवली आहे हे मला त्या दुरुस्तीकाराने दाखवावे लागले. दुकानात यंत्र विकताना पडद्याची लांबी-रुंदी सांगणारा विक्रेता हे का सांगत नाही, असा प्रश्न तेथेच बसलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केला आणि त्याचे उत्तरही स्वतःच दिले, की सांगितले तर दुसरे यंत्र तीन वर्षांत कसे खपेल. मी इतका संशयी नाही. परंतु त्यांच्या म्हणण्याला खोडून काढणारा पुरावाही माझ्यापाशी नाही.

आठवडाभर चालणारी बॅटरी हवी, असे म्हणणारे तरुणही भेटले. त्यांना एक अडसर सांगितला पाहिजे. विमानाच्या प्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी कंपनीच्या खास परवानगीवाचून नेता येते. त्यापलीकडे परवानगी लागते. म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपांची बॅटरीही ९९ वॉट-तासांच्या आसपास येऊन थबकते, कारण या यंत्रांना विमानात चढावेच लागते. टाकी मोठी होणार नाही. तेव्हा पिणे कमी झाले पाहिजे. त्या दिशेने प्रगती खरोखरच झाली आहे. २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलने आपल्या घडणीची एम-१ ही चिप घालून काढलेला मॅकबुक एअर पंख्यावाचून चालतो आणि तरी दिवसभर पुरतो, हे पाहिल्यावर बाकीच्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. येथे लोकांना हवे ते मिळाले आहे. न्यायाच्या दृष्टीने एवढी जमा लिहिली पाहिजे.

भविष्यातल्या यंत्राचा विषय निघाला की मला ॲडम ऑस्बोर्न या गृहस्थाची आठवण होते, आणि थोडे विषयांतर पत्करूनही ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३९ साली बँकॉकला जन्मलेला हा इंग्रज मुलगा वाढला तो तमिळनाडूत, तिरुवण्णामलै येथे. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९८१च्या एप्रिलात ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक विक्रीस आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर, आणि बॅटरी मुळीच नाही; शिवणयंत्राच्या पेटीसारखी ती पेटी विमानाच्या आसनाखाली मावत असे एवढ्यावर ती हजारोंनी खपली. मग १९८३ साली कंपनीने पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राचा डांगोरा ते तयार होण्यापूर्वीच पिटला. गिऱ्हाइकांनी विचार केला, की चांगले येणार असेल तर हे कशाला घ्या. हातातले यंत्र विकले जाईना, येणारे येईना, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या बुडण्याला इतरही कारणे होती असे जाणकार सांगतात. परंतु उद्याची जाहिरात करून आजचा धंदा मारण्याला आजही व्यापारी जगात ऑस्बोर्नचेच नाव आहे. ऑस्बोर्न अखेरीस भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारला.

त्याच्याही आधी, १९७२ साली, ॲलन के या शास्त्रज्ञाने सर्व वयांच्या मुलांसाठी एका वैयक्तिक संगणकाचा आराखडा निबंधरूपाने मांडला होता आणि त्याला डायनाबुक हे नाव दिले होते. वहीएवढा, दोन किलोंच्या आत वजनाचा, आणि हिरवळीवर बसून दोन मुलांनी आपला खेळ आपणच सुधारून खेळावा अशा उपयोगाचा. वजनाचे स्वप्न फळाला आले आणि पडद्याचेही आले. मुलाने यंत्राच्या आत हात घालावा हा त्यातला जो गाभा होता, त्याचे मात्र स्क्रू आवळले गेले.

आता मी ज्या मागणीकडे येतो ती मला स्वतःला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. राजीवनगरात राहणाऱ्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षिकेने, मी प्रश्न पुरा करण्याआधीच, आपल्या लॅपटॉपच्या कळफलकाकडे बोट दाखवले. त्या कळांवर देवनागरी अक्षरांचे पारदर्शक चिकटकागद लावलेले होते. ते लेकाने लावून दिले होते, वर्षभरात घासले गेले होते, आणि ‘ळ’ तर अजिबात दिसेनासा झाला होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की साठ-सत्तर हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूवर आपली मुळाक्षरे आपण बाहेरून आणून चिकटवावीत, हे बरे दिसत नाही. ज्या शहरात कुसुमाग्रज राहिले आणि ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीस, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्या शहरातल्या दुकानात मराठी अक्षरे कोरलेला लॅपटॉप मागून पाहावा. मी मागून पाहिला. विक्रेत्याने अतिशय सौजन्याने मला फोनवरून मराठी कसे बोलून लिहावे ते समजावून दिले.

वाचकाला कदाचित असे वाटेल, की देवनागरीसाठी कळफलकाची सर्वमान्य रचनाच नसेल, म्हणून निर्माते थांबले असतील. तसे नाही. गोदरेजच्या मराठी टंकलेखन यंत्रावर ज्यांनी सरकारी परीक्षा दिल्या त्यांची रचना निराळी होती हे खरे; परंतु संगणकासाठी इनस्क्रिप्ट नावाची रचना गेल्या शतकाच्या नवव्या दशकात सरकारी पातळीवर सिद्ध झाली, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ती आपल्या जिस्ट तंत्रातून कचेऱ्यांपर्यंत नेली, आणि १९९१च्या भारतीय मानकात भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीला मान्यता मिळाली. या रचनेतली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. आणि ज्या कळेवर अल्पप्राण, तिच्याच वरच्या घरात त्याचा महाप्राण. क आणि ख एका कळेवर, ग आणि घ एका कळेवर, त-थ, प-फ, द-ध यांचीही तीच जोडी. ल ज्या कळेवर, तिच्याच वर ळ, आणि र च्या वर मराठीला हवा तो ‘ऱ’, जो नसेल तर ‘वाऱ्यावर’ हा शब्द नीट उमटत नाही. पाणिनीच्या वंशजांनी त्याला शोभेल असे वर्गीकरण कळफलकावर मांडले, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ते आजही प्रत्येक यंत्राच्या पोटात अदृश्यपणे हजर आहे. वर कोरलेले तेवढे नाही. टेबलावरच्या संगणकासाठी देवनागरी अक्षरांचे सुटे कळफलक आपल्या देशात निघतात. तेव्हा छापण्याची कला अवगत नाही, अशीही सबब चालण्यासारखी नाही.

बरे, अक्षरसंचातही उणीव उरलेली नाही. ‘ॲप’ किंवा ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिताना लागणारे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेला अधिकृत रूप दिले. रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडात दाखल होऊन यथावकाश आपल्याकडच्या कळफलकांवर ‘४’च्या शेजारी जाऊन बसलेसुद्धा. जागा करावयाची म्हटले की होते, याचे दुसरे उदाहरण तर कालपरवाचे आहे. २०२४च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की यापुढे विंडोजच्या कळफलकावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाला, म्हणजे कोपायलटला, स्वतंत्र कळ मिळेल. सुमारे तीस वर्षांतला कळफलकातला हा पहिला मोठा बदल, असे त्या कंपनीनेच अभिमानाने सांगितले. एका कंपनीच्या एका सेवेसाठी कळ सापडली. आठ कोटींच्या वर माणसांच्या मातृभाषेसाठी नवी कळ नको आहे, असलेल्या कळांवर शाई तेवढी हवी आहे.

त्याच शिक्षिकेने आणखी एक इच्छा सांगितली. संधिवाताने बोटे चालत नाहीत, म्हणून त्या बोलून लिहितात. परंतु महाजाल तुटले की यंत्र बहिरे होते, आणि जोडलेले असले तरी ‘ण’ आणि ‘न’ यांत गफलत करते. बोललेले मराठी घरातल्या घरात, बाहेर कोठेही न पाठवता, उतरवून घेणारे यंत्र त्यांना हवे आहे. नव्या लॅपटॉपांत अशा कामांसाठी निराळी गणनचिप येऊ लागली आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा तिला मराठी येते का, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्या एका तरुण अभियंत्याचीही तक्रार या जातीचीच. इगतपुरी सोडून गाडी कसारा घाटाच्या बोगद्यांत शिरली की त्याचे अर्धे काम थिजते, कारण कामाची साधने आता यंत्रात नसतात, कुठल्या तरी परदेशी तळघरात असतात.

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा इंदिरानगरात खोली घेऊन शिकतो. नाशिकची द्राक्षे युरोपला जातात ती कोणत्या बागेत, कोणत्या फवारणीनंतर तयार झाली याचा माग ठेवूनच. अपेडा या शेतमाल-निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदप्रणाली त्यासाठी २००६च्या सुमारास सुरू झाली, आणि तेव्हापासून बागायतदाराच्या घरी वही आणि संगणक यांचा शेजार आहे. या मुलाला बागेत बसून नोंदी करावयाच्या असतात. परंतु उन्हात पडदा उघडला की त्यात त्याला स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो. साधारण लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड अडीचशे-तीनशे निटांचा असतो आणि मोकळ्या उन्हापुढे तो समईसारखा फिका पडतो. उजेड वाढवावा तर बॅटरी संपते. त्याने मला विचारले, की उन्हालाच उजेड म्हणून वापरणारा पडदा कोणी का करीत नाही?

तो केलेला आहे, आणि महाराष्ट्रात येऊनही गेला आहे. निकोलस नेग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या चळवळीने २००७ साली एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे यंत्र काढले. त्याचा साडेसात इंचांचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी असा योजला होता, की आतला दिवा मालवला तरी तो उन्हात छापील पानासारखा काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ वाचता यावा. कळफलक रबराने सलग झाकलेला, धूळ-पाणी आत न जाणारा. आणि वीज इतर लॅपटॉपांच्या मानाने नखभर. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच या योजनेला नकार दिला होता, आणि शाळांना आधी खोल्या नि शिक्षक हवेत हा त्या नकारातला युक्तिवाद मला आजही गैरवाजवी वाटत नाही. तरीही २००७ साली कर्जतजवळच्या खैरात या पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत तो लॅपटॉप प्रयोगादाखल आला, आणि मुलांनी तो अंगणात, झाडाखाली, घरी नेऊन वापरला. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप दुपटीच्या जवळपास गेला, स्वस्त नेटबुकांनी आणि मागून फोनांनी बाजार व्यापला, आणि चळवळ विरली. विरली ती विरली. तो पडदाही तिच्याबरोबर गेला याचे वाईट वाटते. गरिबांसाठी म्हणून काढलेल्या वस्तूतला चांगला गुण श्रीमंतांच्या वस्तूत घेण्याचा संकोच कारखानदारांना का व्हावा, हे मला उमगलेले नाही.

लहानसहान मागण्या अनेक होत्या. त्यांतली एक सांगतो. टाळेबंदीत ज्या घरांत मुलांच्या शाळा पडद्यावर भरत, त्यांतल्या कित्येक घरांत कॅमेऱ्याच्या भिंगावर टिकली लावलेली असे, आणि शाळेच्या वेळेपुरती ती आरशावर हलवली जाई. मार्क झुकेरबर्ग यांच्या लॅपटॉपवरची चिकटपट्टी २०१६ साली एका छायाचित्रात दिसली तेव्हा जगभर चर्चा झाली. आमच्या आयाबहिणींचा उपाय त्याच जातीचा आणि दिसायला बरा. पुढे काही निर्मात्यांनी भिंगावर सरकते झाकण बसवले. ते प्रत्येक यंत्रात, स्वस्तातल्या स्वस्तसुद्धा, असावे एवढेच या भगिनींचे मागणे.

सर्वांत कडू तक्रार मात्र अशा यंत्रांविषयी होती, ज्यांत काहीच बिघडलेले नाही. विंडोज-१० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद करण्याचे तिच्या निर्मात्यांनी पूर्वीच जाहीर केले होते. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत नंतर देण्यात आली. २०२१च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज-११ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे अपात्र ठरतात. सुरक्षेची निकड खोटी नाही. पण नोकरीवरचा माणूस वयाने निवृत्त करावा तर त्याला निवृत्तिवेतन असते. या यंत्रांना भंगाराची वाट दाखवली जाते. गाळ्यातला दुरुस्तीकार त्यांवर लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून देतो आणि ती पुन्हा चालू लागतात, असे त्याने मला करूनही दाखवले. मराठी त्यावर नीट उमटते, हे मी पाहिले.

दुरुस्तीच्या हक्काबाबत सरकारदरबारी अगदीच सामसूम आहे असे नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले; त्यात निर्मात्यांनी आपण होऊन माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. फ्रान्सने याहून साधी आणि मला पटलेली युक्ती केली. २०२१ सालापासून तेथे लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त होण्यासारखा आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने त्यापुढे जाऊन २०२६च्या २८ एप्रिलपासून लॅपटॉपांनाही एकच, टाइप-सी, चार्जिंगची पिन सक्तीची केली आहे. अमेरिकेत फ्रेमवर्क नावाची कंपनी २०२१पासून असे लॅपटॉप विकते, ज्यांचा प्रत्येक भाग गिऱ्हाईक एका स्क्रूड्रायव्हरने बदलू शकतो. आणि स्मृतिपट्टी मदरबोर्डावर डागण्याऐवजी स्क्रूने बसवता यावी, पातळपणाही राहावा, असे नवे मानक २०२३च्या डिसेंबरात तयार झाले. तेव्हा पातळ आणि दुरुस्त होण्याजोगे हे दोन गुण एकत्र नांदत नाहीत, ही सबब आता जुनी झाली. जे आपल्याकडे फ्रिजवर वीजबचतीच्या ताऱ्यांचे होते, तेच लॅपटॉपवर दुरुस्तीच्या गुणांचे व्हावे, अशी माझी या अंकाच्या द्वारे जाहीर दरखास्त आहे.

माझ्या यंत्राचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. दुरुस्तीकाराने तळाचे दहा स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने गोंद सोडवीत फुगलेली बॅटरी बाहेर घेतली, नवी बसवली, आणि पावती फाडून दिली. झाकण आता मिटते. हा लेख त्यावरच लिहिला आहे.

फुगलेली बॅटरी मात्र त्याने वाळूच्या डब्यात ठेवली. मी कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले, की टोचली किंवा दबली तर ती पेट घेते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुने लॅपटॉप आणि फोन निघतीलच. त्यांतल्या कोणाचे पोट वर आलेले दिसले, तर त्याला चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. २०२२च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या, आणि तोवर पणत्यांपासून लांब ठेवा.